एक ऑफिस, पाच कॉम्प्युटर आणि ८९९ रुपयांचं लायसन्स

मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५, सकाळी पावणेअकराला मावशीचा फोन. "अगं, दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर खाली कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोज म्हणून आलंय आणि एक्सेलला वर लाल पट्टी आलीय, अनलायसन्स्ड म्हणतंय, तू येऊन जा ना जरा, ऑडिटचं काम अडलंय."

मावशीचं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस पुण्यात नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून दोन मिनिटांवर. पाच कॉम्प्युटर, तीन मुली कामाला, दोनशेच्या वर क्लायंट, बहुतेक पेठांमधले दुकानदार आणि थोडे भोसरीचे वर्कशॉपवाले. टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर झाली होती म्हणून जरा श्वास होता, नाहीतर त्या आठवड्यात तिने मला दारात उभंसुद्धा केलं नसतं. मी स्वतः छोट्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरचे एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कामं, घेते, पण मावशीकडचं सगळं तिचा मुलगा बघतो, तो इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे मी कधी मध्ये पडले नव्हते.

गेले तेव्हा खंडेनवमीच्या पूजेची झेंडूची फुलं सीपीयूवर अजून तशीच होती, सुकलेली, आणि दोन नंबरच्या मशीनच्या स्क्रीनवर ती फिकी राखाडी अक्षरं. मी पहिला प्रश्न विचारला तो हाच की हे कधी बसवलं. मावसभाऊ म्हणाला एप्रिलमध्ये, दहा तारखेला. मी तिथेच बोटांवर दिवस मोजले. १८० भरले बरोबर.

१८० का, ते सांगते, कारण अर्धं प्रकरण तिथेच उलगडतं. मायक्रोसॉफ्टची विंडोज साधारण तीन वाटांनी येते. एक ओईएम, म्हणजे मशीन बनवणारी कंपनी ती घालून देते आणि ती त्या मदरबोर्डलाच चिकटलेली असते. दुसरी रिटेल, आपण सुटी विकत घेतो ती, मशीन बदललं तर काढून दुसऱ्यावर टाकता येते. तिसरी व्हॉल्यूम, मोठ्या कंपन्या, कॉलेजं, सरकारी खाती करार करून घेतात ती. व्हॉल्यूममध्ये परत दोन प्रकार आहेत, एमएके आणि केएमएस. एमएके म्हणजे एकच की, म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, जो ठरावीक मशीनवर चालतो. केएमएसमध्ये कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कवर एक सर्व्हर असतो, तो त्या कंपनीच्या मशीनना १८० दिवसांपुरती मान्यता देतो आणि मशीन दर सात दिवसांनी त्याला विचारून मुदत परत १८० करून घेतं. किमान २५ मशीन असल्याशिवाय असा सर्व्हर विंडोज ॲक्टिव्हेट करतच नाही. आता मला सांगा, नारायण पेठेतल्या पाच मशीनच्या ऑफिसात केएमएस येतो कुठून?

तर झालं होतं असं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे सगळीकडे यायला लागलं तेव्हा मावशीने तीन जुनाट मशीन काढून टाकली आणि त्या जागी तीन रिफर्बिश्ड घेतली, आठव्या जनरेशनच्या प्रोसेसरची, ११ चालतील अशी. उरलेली दोन तिची आधीचीच ब्रँडेड होती, त्यांच्यावर १० होती ती ११ ला फुकटात अपग्रेड झाली, ते रीतसरच आहे. नवीन तिघांसाठी भावाने एका शॉपिंग साइटवरून 'विंडोज ११ प्रो आणि ऑफिस २०२१ प्रोफेशनल प्लस, लाइफटाइम' असा कॉम्बो घेतला, ८९९ ला एक, तीनचे २,६९७. मग त्याच विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर आणखी एक माल सुचवला, '३६५ लाइफटाइम अकाउंट', म्हणजे मायक्रोसॉफ्टचं वर्ड-एक्सेल ऑनलाइन खात्यावर, ६९९ ला, ते दोन घेतले जुन्या मशीनसाठी, पैसे थेट यूपीआयवर. सगळे मिळून ४,०९५. भावाला वाटलं आईचे पन्नास-साठ हजार वाचवले, आणि मला त्याचा रागही येत नाही, कारण विंडोज प्रोची कंपनीची किंमत एकेका मशीनला पाच आकडी जाते आणि समोर साडेचार स्टार, हजारो रिव्ह्यू दिसत असतात.

मी एकेका मशीनवर बसून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलव्ही असं टाकलं. एक छोटी खिडकी उघडते, त्यात डिस्क्रिप्शनच्या ओळीत चॅनेल लिहिलेला असतो, मला तेवढाच हवा असतो.

पहिल्या रिफर्बिश्डवर आलं ओईएम डीएम. म्हणजे या मशीनच्या बायॉसमध्येच, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, कंपनीने घातलेली प्रोची की आहे, विंडोज ८ च्या काळापासून ती तिथे असते, इन्स्टॉल करताना विंडोज ती आपली आपण उचलते. भावाला मग आठवलं, "हो ताई, याच्यावर की विचारलीच नव्हती." म्हणजे विंडोजपुरते त्या मशीनचे पैसे मुळात खर्चच करायचे नव्हते. मी जिथे जिथे जाते तिथे निम्म्या वेळा हेच निघतं, लोक आधीच असलेली गोष्ट परत विकत घेतात. रिफर्बिश्ड घेताय तर दुकानात उभं राहून ही एक ओळ बघून घ्या, दुकानदार नाही म्हणत नाही.

दुसरं, ते राखाडी अक्षरांवालं, व्हॉल्यूम केएमएस क्लायंट. खाली केएमएस मशीनच्या नावापुढे इंटरनेटवरचा कुठला तरी अनोळखी पत्ता. विकत घेतलेली की या मशीनवर आधी चाललीच नव्हती, शेवटी सी००८ असलेला एरर आला होता, म्हणजे ती की जितक्या मशीनवर चालू शकते तितक्यांवर आधीच वापरून झालेली. विक्रेत्याने मग "नो प्रॉब्लेम सर" म्हणत एनीडेस्क, म्हणजे आपलं मशीन लांबून दुसऱ्याला चालवू देणारं सॉफ्टवेअर, लावायला सांगितलं, अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करायला सांगितला आणि एक फाइल चालवली. काळी खिडकी आली, गेली, आणि विंडोज ॲक्टिव्हेटेड. त्या परक्या सर्व्हरने त्या एका दिवशी उत्तर दिलं आणि नंतर कधी दिलंच नाही, म्हणून १८० दिवस मोजून पट्टी आली.

तिसरं, व्हॉल्यूम एमएके. हे मजेत चाललं होतं. इथे विक्रेत्याने स्क्रीनवरच्या इन्स्टॉलेशन आयडीचा, त्या लांबलचक आकड्यांचा, फोटो मागवला होता आणि उलट व्हॉट्सॲपवर कन्फर्मेशन आयडी पाठवला होता, तो टाकला की झालं. भावाला हे मशीन म्हणजे पुरावाच वाटत होता की बघ, सगळंच काही खोटं नव्हतं. त्याने एसएलएमजीआर, स्लॅश एक्सपीआर करून दाखवलं, मशीन पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड. खरं आहे, तसं येतं. एमएके कधी एक्सपायर होत नाही. पण तो मेसेज इतकंच सांगतो की ॲक्टिव्हेशन झालंय, कुणाच्या करारावर झालंय ते सांगत नाही. ती की कुठल्या तरी संस्थेची आहे, त्या संस्थेला ठरावीक ॲक्टिव्हेशन मिळालेली असतात, त्यातलं एक आपण खाल्लं. उद्या त्यांनी तक्रार केली, की ब्लॉक झाली, किंवा आपली हार्ड डिस्क गेली आणि परत विंडोज टाकावी लागली की आपण कुणाकडे मागणार?

मावशी हे सगळं चहा ढवळत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे ताबा आपला, आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव तिसऱ्याचंच." पेठेत सगळं आयुष्य गेलेल्या बाईला याहून जास्त समजावायची गरज पडली नाही.

एमएस ऑफिसचं नावही तिथेच बोलत होतं. २०२१ ची 'प्रोफेशनल प्लस' ही दुकानात सुटी विकायला ठेवलेली आवृत्ती नाही, संस्थांच्या करारातली आहे. सुटं घ्यायचं तर होम किंवा होम अँड बिझनेस अशा नावाचं मिळतं, आणि ते आपल्या स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलं जातं, नंतर त्या अकाउंटमध्ये दिसतं. ज्याला जोडायला अकाउंटच लागत नाही, उलट विक्रेता म्हणतो जोडू नका, ऑनलाइन लॉगिन करू नका, तिथे मी थांबते.

आता ती दोन ३६५ ची मशीन. यांना काहीच झालेलं नव्हतं, ना पट्टी ना एरर, आणि मला खरी धडकी तिथेच भरली.

मावशीच्या स्वतःच्या मशीनवर एक्सेल उघडलं. उजव्या वरच्या कोपऱ्यात जिथे आपलं नाव असतं तिथे 'यूझर' आणि पुढे चार आकडे. फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला निळा ढग, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं फाइली ठेवायचं ऑनलाइन कपाट, आणि त्याच्यापुढे एका परदेशी शिक्षणसंस्थेचं नाव. मी ढगावर क्लिक केलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळं आत. कधीतरी 'तुमच्या फोल्डरचा बॅकअप घेऊ का' असं त्याने विचारलं असणार आणि कुणीतरी हो म्हटलं असणार, चांगल्या हेतूनेच. क्लायंटचे पॅन, आधारच्या झेरॉक्स, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, आणि डेस्कटॉपवरची एक एक्सेल जिच्या नावातच पासवर्ड हा शब्द होता, इन्कम टॅक्स पोर्टल आणि जीएसटी पोर्टल, दोन कॉलम, दोनशेच्या वर ओळी. त्या प्रत्येक ओळीपुढे हिरवी बरोबरची खूण, म्हणजे वर जाऊन पोचलेली.

'लाइफटाइम ३६५' असा प्रकारच कंपनी विकत नाही. ३६५ ही वर्गणी आहे, महिन्याची किंवा वर्षाची, भरणं थांबवलं की थांबते. हे जे विकलं जातं ते दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेच्या नावावर उघडलेल्या खात्यांमधलं एक खातं. त्या संस्थेचा जो ॲडमिन असेल, खरा असो की चोरून बसलेला, तो हवं तेव्हा पासवर्ड बदलू शकतो, स्वतःला आपल्या वनड्राइव्हमध्ये शिरायची परवानगी देऊ शकतो, खातं उडवू शकतो. खातं उडवलं की त्यातल्या फाइली साधारण ३० दिवसांनी जातात. मावशी पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ही माणसं मला आपल्या बायकोला सांगत नाहीत ते आकडे सांगतात गं."

आम्ही त्या दिवशी बाकी सगळं सोडून हेच केलं. आधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केल्या, एकेक फोल्डर उघडून खात्री केली की नुसता ढगाचा आयकॉन नाही, फाइल खरंच उतरलीय. मग वनड्राइव्हमधून काढल्या, तिथली कचरापेटीही रिकामी केली, साइन आउट केलं. काढल्या म्हणजे तिकडून पुरत्या पुसल्या गेल्या असं मी मावशीला सांगितलं नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं. म्हणून पासवर्ड. तीन मुली, मावशी, भाऊ आणि मी, तीन दिवस, प्रत्येक क्लायंटला फोन करून, दोन्ही पोर्टलचे पासवर्ड बदलले. भोसरीच्या एका काकांनी फोनवर विचारलं की हे आत्ताच का, आणि मावशीने त्यांना जसं घडलं तसं सांगितलं, काही लपवलं नाही. ते म्हणाले बरं झालं वेळेवर कळलं. डिजिटल सिग्नेचरची टोकन पेनड्राइव्हसारखी वेगळी असतात, ती कपाटात होती, तेवढी एक चिंता नव्हती.

बिलाचा विषय मावशीनेच काढला आणि तिला सगळ्यात जास्त तेच लागलं. विक्रेत्याने तीन कॉम्बोचं पीडीएफ बिल पाठवलं होतं, भावाने फाइलमध्ये लावलं होतं, रक्कम लहान म्हणून तिने कधी बघितलं नव्हतं. बघितल्याबरोबर दोन सेकंदात म्हणाली हे खोटं आहे. जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा, आणि बिलात सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचा टॅक्स, लावलेला. दिल्लीहून महाराष्ट्रात विकलं तर आयजीएसटी लागतो, हे तिच्याकडची सगळ्यात नवीन मुलगीही सांगेल. मग पोर्टलवर सर्च टॅक्सपेअरमध्ये नंबर टाकला, तर रजिस्ट्रेशन रद्द झालेलं आणि नाव तिसऱ्याच कुणाचं. एप्रिलच्या टू-बीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जी यादी जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येते तिच्यात, ते बिल अर्थातच आलेलं नव्हतं. तेव्हापासून माझी सवय बदललीय, आधी मी की तपासायचे, आता आधी बिल मागते. १५ अक्षरांचा नंबर, पहिले दोन राज्याचे, पुढचे दहा पॅन, पोर्टलवर कुणालाही फुकट बघता येतो, लॉगिनही लागत नाही, आणि हे पैसे द्यायच्या आधी करता येतं.

भाऊ मात्र एका मुद्द्यावर अडून होता. विक्रेत्याच्या पानावर लिहिलं होतं की युरोपातल्या कोर्टाने जुनी लायसन्स विकायला परवानगी दिलीय. तो म्हणाला, "ताई, मग हे बेकायदा कसं?" त्याचा प्रश्न चांगला होता, मी त्याला टाळला नाही. निकाल खरा आहे, ३ जुलै २०१२, युरोपियन युनियनचं न्यायालय, यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल. पण त्यात काय आहे ते बघ म्हटलं. कायमचं घेतलेलं लायसन्स पुढे विकता येतं, पण विकणाऱ्याने स्वतःकडची कॉपी वापरण्याजोगी ठेवायची नाही, आणि जास्त यूझरसाठी एकत्र घेतलेलं लायसन्स तोडून सुटं सुटं विकायचं नाही. आपल्याकडची एमएके म्हणजे नेमकं तेच, करारातून तोडलेला तुकडा, मूळ मालक कोण आणि त्याने वापर सोडला की नाही याचा कागद शून्य. आणि तो निकाल युरोपचा, आपल्याला लागू होतो तो १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यातलं ६३ब कलम म्हणतं की बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण मावशीचं तर ऑफिसच आहे. माहीत असून, हा शब्द महत्त्वाचा. सहा तारखेपर्यंत आपल्याला माहीत नव्हतं, आता आहे. यावर तो गप्प झाला, आणि तिसरं मशीनही फॉरमॅट करायला त्यानेच घेतलं.

फॉरमॅट सगळ्या रिफर्बिश्डना केलं, कारण अनोळखी माणसाने अँटिव्हायरस बंद करून त्याच नेटवर्कवर काय चालवलं ते कुणाला ठाऊक. पहिल्यावर बायॉसमधली की परत आपोआप लागली. उरलेल्या दोघांसाठी तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून विंडोज घेतली, ऑफिसच्या नावाने बिल घेऊन. याच दुकानातून मावशी वर्षानुवर्षं अँटिव्हायरस घेते आणि तो तिला छापील किमतीच्या निम्म्याहून कमीत मिळतो, भावाने तेही दाखवलं की मग हा का खोटा नाही. नाही, तो खराच आहे. अँटिव्हायरसमध्ये छापील किंमत आणि विक्रीची किंमत यात नेहमीच मोठं अंतर असतं, दुकानदार आपलं मार्जिन सोडतो, आणि बॉक्समधली की मावशीच्या नावाने, तिच्या मोबाइल नंबरवर कंपनीकडे रजिस्टर झालेली असते. स्वस्त दोन्ही होते, पण कंपनीला विचारलं तर एकाच्या पुढे मावशीचं नाव येतं. हिशेबाच्या टॅलीचंही तसंच, सीरियल नंबर कुणाच्या ईमेलवर आहे ते बघायचं. आणि ड्रॉइंगचं ऑटोकॅड 'लाइफटाइम' म्हणून कुणी देत असेल तर तिथे तपासायलाही बसू नका, ऑटोडेस्कने नवीन कायमची लायसन्स विकणं २०१६ मध्येच थांबवलं. ते बहुतेक विद्यार्थ्यांचं निघतं, आणि त्यावर धंद्याचं काम करायची परवानगी नसते.

ऑफिससाठी बिझनेसचं ३६५ घेतलं, चार जणांचं, मावशीच्या फर्मच्या नावाने, ॲडमिन ती स्वतः. आता कोपऱ्यात तिचं नाव येतं. रिसेप्शनच्या मुलीला फक्त पत्रं आणि पावत्या करायच्या असतात, तिथे लिब्रेऑफिस टाकलं, शून्य रुपये आणि पूर्ण कायदेशीर. मॅक्रोवाल्या एक्सेल फाइली त्यात अडखळतात म्हणून बाकीच्यांना दिलं नाही. पासवर्डची एक्सेल बंद, आता पासवर्ड मॅनेजर आहे, मुलींना त्याची सवय व्हायला अजून वेळ लागतोय.

पैशांचं म्हणाल तर शॉपिंग साइटवर तक्रार टाकली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो, ते तक्रारीतच लिहिलं, खोट्या जीएसटी बिलाचा स्क्रीनशॉट जोडला. २,६९७ परत आले. व्हॉट्सॲपवरचे १,३९८ गेले ते गेले, तो नंबर बंद आहे. त्याची तक्रार सायबर क्राइमच्या पोर्टलवर केलीय, मावशी म्हणाली पैशांसाठी नाही, क्लायंटची कागदपत्रं तिकडे गेली होती याची कुठेतरी नोंद असू दे.

१४ नोव्हेंबरला ऑक्टोबरची टू-बी आली. रात्री साडेनऊला मावशीने स्क्रीनशॉट पाठवला, तपकीर गल्लीच्या दुकानाचं बिल, रक्कम बरोबर, टॅक्स बरोबर, त्या ओळीला तिने पिवळं केलं होतं. खाली लिहिलं होतं, "आलं बघ. उद्या येतेस का, प्रिंटर आवाज करतोय."